एकेचाळीस नंबरचा चिमटा

आर्लीन बूर्स्माच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरून दारापर्यंत एक दोरी बांधलेली असे, आणि त्या दोरीला लाकडी चिमटे लावलेले असत. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे. प्रत्येकावर जाड काळ्या शाईने आकडा. जत्रेच्या मैदानावर गाडी लावून माणसं बसमध्ये चढली, की एका गाडीमागे एक चिमटा मिळायचा. किनाऱ्यावरून परत येताना तो त्यांनी आपल्या हाताने दोरीला लावायचा. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला दोरी भरली, म्हणजे सगळे परतले. एखादी जागा रिकामी राहिली, म्हणजे कोणीतरी अजून पाण्याकाठी आहे.

हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. पार्कच्या कचेरीने दिलेल्या कागदावर एवढंच होतं, की बस दर वीस मिनिटांनी सुटेल, शेवटची साडेसातला, आणि कोणासाठीही थांबणार नाही. चिमटे ही आर्लीनची भर. बदली ड्रायव्हर डेल्बर्ट सुरुवातीला तिला रोज विचारायचा, "काय आर्लीन, आज कुणाचं धुणं वाळत घातलंयस?" पुढे मात्र तिच्या जेवणाच्या सुट्टीत बस त्याच्या हातात आली, की तोही न विसरता चिमटे वाटायचा. एकदा विसरला होता, तर तिने दोन दिवस त्याला कॉफी दिली नव्हती.

सवय जुनी होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. फेरी संपली की उठायचं, शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं आणि मगच बस बंद करायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीतल्या एका सकाळी, मागून तिसऱ्या बाकाखाली तिला बालवाडीतली एक मुलगी गाढ झोपलेली सापडली होती. बाहेर पारा शून्याच्याही खाली गेलेला. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे आणि बाजारात भेटली की मिठी मारते. पण त्या दिवशी आपण वाकलो नसतो तर, हा आर्लीनचा विचार चाळीस वर्षांत जुना झाला नाही.

बस सुरू झाली त्याला तीन उन्हाळे झाले. मोठं तळं त्या वर्षी इतकं चढलं, की वाळूने पार्कच्या पार्किंगचा खालचा अर्धा भाग गिळला. उरलेल्या जागा सकाळी दहालाच भरायला लागल्या. मग हमरस्त्यावर 'पार्किंग भरले आहे, जत्रेच्या मैदानावरून बस घ्या' अशी पाटी आली आणि शाळेची एक पिवळी बस उन्हाळ्यापुरती कामाला लागली. शिकागोची, इंडियानाची माणसं छत्र्या, बर्फाच्या पेट्या, पाण्यात तरंगायचे फुगवलेले रबरी हंस घेऊन चढू लागली. बसायला जागा हंसाला आधी मिळायची.

गावातले मात्र कोणी बसमध्ये बसत नसत. गावाची रीत अशी, की जूनपासून लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीपर्यंत, दिवसा किनाऱ्याकडे फिरकायचंच नाही. बाहेरचे लोक निघाले की संध्याकाळी जायचं, डब्यात हॅम बन आणि थर्मासात कॉफी घेऊन. आणि गेल्यावर पार्कच्या फाटकासमोर कधी बसायचं नाही. उत्तरेला चालत, ओढ्याचं तोंड ओलांडून, पडलेल्या पॉप्लरच्या ओंडक्यापर्यंत जायचं. खुर्च्याबिर्च्या नेत नसत. खाली वाळूतच फतकल मारायचं आणि ओंडक्याला पाठ टेकायची. फाटकासमोर बसलेलं कोणी ओळखीचं दिसलं, तर 'पाहुणे आलेत का घरी' असं विचारण्याची पद्धत होती.

आर्लीन आणि तिचा नवरा हार्म चव्वेचाळीस वर्षं असेच जात आले होते. या वर्षी ते एकदाही गेले नव्हते.

हार्म बूर्स्मा काउंटीच्या रस्तेखात्यात होता. रस्त्यावरचे पट्टे मारायचं काम. चौतीस वर्षं त्याने पिवळ्या आणि पांढऱ्या रेघा ओढल्या. किनाऱ्यावरच्या पार्किंगची प्रत्येक रेघ त्याच्या हातची होती, अगदी त्या सहा निळ्या जागासुद्धा, ज्या अपंगांसाठी राखीव होत्या. निळा रंग त्याने पहिल्यांदा मारला तेव्हा तो अर्धा तास उभा राहून रंग वाळताना बघत होता, असं आर्लीन सांगे. त्या जागांवर त्याचा जीव. निळं कार्ड न लावता तिथे कोणी गाडी घातलेली दिसली, की हा काचेवर टकटक करून म्हणायचा, "पाय बरे दिसतात तुमचे. मग चालवा की."

आणि आता त्याचेच पाय ऐकत नव्हते. पार्किन्सनला तीन वर्षं झाली होती. वसंतात डॉक्टरांनी निळ्या कार्डाच्या अर्जावर सही केली आणि आर्लीनला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही. जे करायचं ते या उन्हाळ्यात करा. आर्लीनला करायचं असं एकच होतं. हार्मला तळ्यावर न्यायचं. बाकी तिने काही मागितलं नसतं.

कार्ड टपालाने आलं. हार्मने ते स्वयंपाकघरातल्या त्या खणात टाकलं, जिथे रबरबँडं, संपलेल्या बॅटऱ्या आणि कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या असतात.

"ते ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठी आहे," तो म्हणाला. "मला आहेत. दोन."

ती मंगळवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, विषय काढायची. तो म्हणायचा, पुढच्या मंगळवारी. बसने चल म्हणावं तर म्हणे, माझ्याच किनाऱ्यावर मी शाळेच्या बसने जाऊ, मांडीवर हंस घेऊन? वाळूवर पाण्यापर्यंत निळी चटई अंथरली आहे, तिच्यावरून चालणं सोपं जातं, असं तिने सांगितलं. त्यावर तो पेपर उलटा घडी करून ठेवून गॅरेजमध्ये गेला. गॅरेजमध्ये त्याला काही काम नव्हतं. तिथे जाऊन तो जुने ब्रश बघायचा. जुलै गेला, ऑगस्टही गेला. आर्लीनने ओरडून बघितलं नाही, कारण त्या घरात ओरडण्याची पद्धतच नव्हती. तिने फक्त हॅम बन करणं बंद केलं. त्याने ते ओळखलं.

लेबर डेचा सोमवार आला. बसचा शेवटचा दिवस. उद्यापासून शाळा, पाहुणे आपापल्या गावी, पार्किंग रिकामं. त्या दिवशी गर्दीला पार नव्हता. दुपारी एक वाजता आर्लीनने बस डेल्बर्टच्या हाती दिली, जत्रेच्या मैदानावरच्या शेडमागे सावलीत सँडविच खाल्लं आणि अडीचला परत ताबा घेतला. डेल्बर्ट उत्तरेला मुलीकडे जाणार होता. निघताना तो काहीतरी बोलायला थांबल्यासारखा थांबला, मग टोपी उचलून गेला.

साडेसहाला तिने घरी फोन केला. कोणी उचलला नाही. गॅरेजमध्ये असेल, असं म्हणून तिने फोन ठेवला.

साडेसातला शेवटची बस किनाऱ्यावर लागली. लोक चढले, भाजलेल्या खांद्यांनी, ओल्या टॉवेलांनी. चिमटे खटखट दोरीला लागले. आर्लीनने दोरीवरून नजर फिरवली. मग उठून एकेक आकडा बोटाने मोजला. एकेचाळीस नव्हता.

तिने बसमध्ये विचारलं. पिशव्या उघडल्या गेल्या, खिसे उलटे झाले, एका हंसाखालीही बघून झालं. नाही. मग पार्कची रेंजर डॅनिका आली. तरुण पोरगी, पहिलाच उन्हाळा. तिने कर्ण्यावरून तीनदा पुकारा केला. टॉयलेट, कपडे बदलायच्या खोल्या, आइस्क्रीमची खिडकी, सगळं बघून आली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. दुपारपासून धोक्याचा लाल झेंडा लागलेला होता. ओढ होती पाण्याला.

"मिस आर्लीन," ती हळूच म्हणाली, "मी बचाववाल्यांना फोन लावू का? नाहीतर चिमटा नुसता हरवला असेल. मग उगाच..."

"चिमटा हरवला असेल तर उत्तमच," आर्लीन म्हणाली. "पण आधी कळू दे."

पहिल्याच बाकावर रोझाल्बा बसली होती. जवळच्या ब्लूबेरीच्या मळ्यात ती मुकादम होती आणि दर सुट्टीला सगळं गणगोत घेऊन यायची. ती मागे वळून लोकांना म्हणाली, की एकेचाळीसच्या जागी आपण असतो तर मिस आर्लीन अशाच थांबल्या असत्या. तेव्हा घड्याळं बघणं पुरे. बघणाऱ्यांनी हात खाली केले.

एकेचाळीस आर्लीनने स्वतः दिलेला नव्हता. एक ते अडीचमधले चिमटे डेल्बर्टने दिले होते. आर्लीनने त्याला फोन लावला. मागे नातवंडांचा गोंगाट होता. तिने विचारलं, एकेचाळीस कोणाला दिला होतास, आठवतंय? पलीकडे गोंगाट तसाच राहिला, डेल्बर्टचा आवाज मात्र येईना.

"डेल्बर्ट."

"आर्लीन, मला त्याने शपथ घातली होती," तो म्हणाला. "म्हणाला, तू यायच्या आत परत येतो. मला वाटलं, आला असेल नंतरच्या बसने."

"कोण?"

"हार्म. कोणीतरी मैदानावर सोडलं त्याला. एकटाच चढला. काठी घेऊन."

आर्लीनने फोन खिशात ठेवला. तिचं डोकं एकदम स्वच्छ झालं, जसं बर्फावर बस घसरली की व्हायचं. डॅनिका चटईच्या टोकाकडे, पाण्याकडे बघत होती. पुकारा फाटकासमोरच ऐकू गेला होता. परगावचा माणूस असता तर चटईजवळच सापडला असता. पण हार्म बूर्स्मा चटईजवळ बसणार नव्हता. त्याचे पाय पन्नास पावलांपुरते असले, तरी तो ओढ्यापलीकडेच गेला असणार.

"ती जाड चाकांची खुर्ची काढ," ती डॅनिकाला म्हणाली. "वाळूवर चालणारी, पिवळ्या चाकांची."

खुर्ची ढकलायला रोझाल्बा न विचारता उतरली. आर्लीन म्हणाली, अहो, तुम्ही बसा. रोझाल्बा म्हणाली, "चिखलात क्रेटचे गाडे ढकलून माझे हात असे झालेत. ही तर बिनओझ्याची खुर्ची." आणि दोघी उत्तरेला निघाल्या.

ओढ्याशी वाळू कठीण होती. तिथे काठीच्या टोकाची भोकं दिसली, आणि शेजारी पायांचे ओरखडे, उचलून न टाकता ओढत नेलेले. एका ठिकाणी वाळू खूप विस्कटलेली होती. तिथे तो पडला असेल आणि उठला असेल. आर्लीनने तिकडे बघितलं आणि चाल वाढवली.

तो ओंडक्याला पाठ टेकून बसला होता. बूट काढून शेजारी नीट लावलेले, मोजे बुटांत कोंबलेले. काठी हाताच्या पल्ल्याबाहेर घरंगळून गेली होती. नाक आणि कपाळ लालभडक. रोझाल्बा थोडी मागेच थांबली आणि खुर्चीच्या चाकातली वाळू काढू लागली, जी काढायची काही गरज नव्हती.

"बस गेली असेल ना," हार्म म्हणाला.

"नाही. थांबलीय."

"कशासाठी?"

"एकेचाळीस नंबरसाठी."

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. चिमटा तिथे होता.

आर्लीन गुडघे मोडून त्याच्या शेजारी बसली. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. थर्मासात उरलेलं पाणी दिलं, मग पेपरमिंटची एक गोळी दिली, चर्चमध्ये लांबलेल्या प्रवचनात देते तशी, हातातून हातात. त्याने ती तोंडात टाकली.

"उठता येईना," तो तळ्याकडे बघत म्हणाला. "दीडला आलो. वीस मिनिटं बसायचं ठरवलं होतं. मग उठायला गेलो तर पाय आपले नाहीतच. तीन वेळा माणसं गेली इथून. तिन्ही वेळा विचारलं, बरे आहात ना म्हणून."

"मग?"

"मी हात हलवला. म्हटलं, मस्त आहे."

आर्लीनला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. चव्वेचाळीस वर्षांत या माणसाने कोणाला दुसरं उत्तर दिलेलं तिने ऐकलं नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही नर्सला त्याने हेच सांगितलं होतं.

"मला सांगितलं असतंस तर मी आणलं असतं," ती म्हणाली.

"तू आणलं असतंस. तेच तर." त्याने हाताने वाळू सारखी केली. "मला एकदा आपलं आपण यायचं होतं. शेवटचं म्हणून."

सूर्य पाण्यापासून दोन बोटांवर आला होता. आर्लीनने त्याचे मोजे झटकले आणि एकेक पाय मांडीवर घेऊन चढवायला लागली. तेवढ्यात त्याला खुर्ची दिसली.

"त्यात मी बसणार नाही, आर्लीन."

"बरं."

"खरंच सांगतो. काठी दे. चालतो मी."

"चाल. अंधार पडेपर्यंत पोचशील." तिने दुसरा मोजा घातला. "बसमध्ये बावीस जण आहेत. दोन तान्ही मुलं आहेत. एका माणसाला इंडियानाला गाडी चालवत जायचंय, सकाळची पाळी आहे त्याची. ते बसतील तोवर. मी सांगून आलेय, की चिमटा लागल्याशिवाय बस हलणार नाही."

"लोकांना असं ताटकळत ठेवायचं?" हार्म म्हणाला. आता त्याला खरंच राग आला होता. आयुष्यभर तो रात्रीच्या पाळीत रेघा मारत आला होता, का, तर दिवसा लोकांचा खोळंबा होऊ नये.

"मी कुठे ठेवतेय," आर्लीन म्हणाली.

तो खुर्चीकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मग त्या अनोळखी बाईकडे, जी अजून चाकातून वाळू काढत होती.

"ओ बाई," तो म्हणाला, "ती खुर्ची जरा जवळ आणता का? घाई आहे."

रोझाल्बाने एका बाजूने धरलं, आर्लीनने दुसऱ्या. तो बसला. वाटेत ओढ्यापाशी त्याने एकदाच सांगितलं, की चाक डावीकडे ओढतंय, बेअरिंग बघायला पाहिजे. रोझाल्बा म्हणाली, "आजोबा, तुम्ही वजन उजवीकडे टाका, बेअरिंग पुढच्या वर्षी बघू." त्याने वजन उजवीकडे टाकलं.

बसमधले लोक बसमध्ये नव्हतेच. सगळे उतरून पार्किंगच्या काठावर उभे होते, तळ्याकडे तोंड करून. साडेसातची बस पकडणाऱ्यांना तिथला सूर्यास्त कधीच बघायला मिळत नसे. सूर्य बुडाला तेव्हा, या किनाऱ्यावर वाजवतात तशा, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. खुर्ची नेमकी त्याच वेळी वर पोचली. हार्म घाबरून म्हणाला, "हे माझ्यासाठी नाही ना?"

"नाही," आर्लीन म्हणाली. "सूर्यासाठी."

त्याचा जीव भांड्यात पडला. बसच्या पायऱ्यांवर त्याला दोघांनी हात दिला. इंडियानाच्या त्या माणसाने आपला पुढचा बाक सोडला आणि मागे गेला. हार्मने खिशातून चिमटा काढला. दोरीपर्यंत हात पोचायला वेळ लागला. चिमटा दोनदा निसटला. कोणी मदत केली नाही, आणि कोणी दुसरीकडे बघितलंही नाही. तिसऱ्यांदा लागला. आर्लीनने दोरी एकदा पाहिली, टोकापासून टोकापर्यंत, आणि बस सुरू केली.

जत्रेच्या मैदानावर सगळे उतरले, गाड्या एकेक करून निघाल्या. हार्म पुढच्या बाकावर बसून राहिला. आर्लीन उठली आणि नेहमीसारखी शेवटच्या बाकापर्यंत चालत गेली, प्रत्येक बाकाखाली वाकत. परत येताना तिला दिसलं, की तो मान वळवून तिला बघतो आहे. तिचं हे काम त्याने एकतीस वर्षांत कधी पाहिलेलं नव्हतं.

"रोज करतेस हे?" त्याने विचारलं.

"रोज."

"मागून तिसऱ्याखालीसुद्धा?"

"तिथे दोनदा."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी हार्म स्वयंपाकघरात खण उपसत असलेला तिला ऐकू आला. रबरबँडं, बॅटऱ्या, किल्ल्या. तिने वळून बघितलं नाही. फ्रिजमधून हॅम काढलं आणि बनना लोणी लावायला बसली.

पाच वाजता ते पार्कमध्ये पोचले तेव्हा पार्किंगमध्ये त्यांच्याशिवाय एकही गाडी नव्हती. पांढऱ्या रेघांमध्ये जागाच जागा. आर्लीनने गाडी सवयीने उत्तरेच्या टोकाला नेली, पायवाट सुरू होते तिथे.

"तिथे नको," हार्म म्हणाला. "त्या निळ्यात घाल. चटई तिथून जवळ आहे."

"चटई अजून आहे?"

"डॅनिकाला फोन केला होता. म्हणाली, शनिवारपर्यंत ठेवते."

तिने गाडी सहापैकी पहिल्या निळ्या जागेत घातली. त्याने कार्ड स्वतःच आरशाला अडकवलं, दोनदा सरळ केलं. मग दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि उतरायच्या आधी खाली वाकून जमिनीकडे बघत राहिला. आर्लीनला वाटलं, पाय उचलत नसतील. ती वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

त्याने बुटाच्या टोकाने रेघेवरची वाळू बाजूला केली.

"रंग उडालाय," तो म्हणाला. "कोणीतरी आणखी एक हात द्यायला हवा."

आणि त्याने तिच्यापुढे हात केला.